वजन उतरवल्यावर भूक जास्तच लागायलीय, असं का?

टॉवेलवाला_४१:
नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहे, एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रात्रपाळी. मागच्या वर्षी ९४ किलोवरून ८२ वर आलो, साखर बंद, भात कमी, सकाळी सिद्धेश्वर तलावाला चकरा, सगळं केलं. आता परत ८९. जेवून उठलो की तासाभरात पोटात खड्डा, रात्रपाळीला तर दोन वाजता डबा उघडून कडक भाकरी न शेंगाची चटणी संपवतो आणि वर फरसाण. गंमत म्हणजे ९४ चा होतो तेव्हा एवढी भूक नव्हती! थायरॉइड, शुगर नॉर्मल. बायको म्हणते तोंडावर ताबा नाही. एकजण म्हणाला लेप्टिनची गोळी येते, कुणाला माहितीय का?

कडक_भाकरी:
हार्मोन बिर्मोन काय नाय बे, फरसाण बंद कर. आमचे आजोबा लूमवर बारा तास उभे असायचे, कधी ढेरी आली नाही.

बायोवाली_मॅडम:
दादा, फरसाण कमी करा हे खरंच, पण भूक तुम्ही मनाने वाढवलेली नाही. अंगावरची चरबी नुसती पडून नसते, ती लेप्टिन नावाचं हार्मोन रक्तात सोडते आणि त्यावरून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळतं साठा किती आहे. १२ किलो उतरलं की लेप्टिन पडतं, मेंदू समजतो दुष्काळ पडला. मग तिथल्या भूक वाढवणाऱ्या पेशी जोर धरतात, पोट भरलं सांगणाऱ्या गप्प होतात. त्यात जठरातून येणारं घ्रेलिन, म्हणजे भुकेचं हार्मोन, तेही वाढतं, आणि शरीर कॅलरी पण काटकसरीने जाळायला लागतं. म्हणून ९४ ला शांत होता आणि ८२ ला वखवख. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ ला छापलंय, डाएटने वजन उतरवलेल्यांची ही हार्मोन्स वर्षभराने सुद्धा जागेवर आली नव्हती.

आणि भाकरीवाले भाऊ, ताब्याचंच म्हणाल तर अमेरिकेत मिनेसोटाला १९४४-४५ मध्ये ३६ तरुण स्वतःहून प्रयोगाला बसले, सहा महिने जवळपास निम्मं खाणं. धडधाकट, मनाने पक्के लोक, तरी दिवसरात्र डोक्यात जेवणच, काहीजण तर पाककृतीची पुस्तकं जमवायला लागले. नंतर पोटभर मिळाल्यावर चरबी आधीपेक्षा जास्त चढली.

नवीपेठ_मेडिकल:
लेप्टिनची गोळी नसते हो. ते प्रोटीन आहे, तोंडाने घेतलं तर पोटातच पचून जाईल, इंजेक्शनच लागतं. ज्यांच्यात जन्मतःच लेप्टिन बनत नाही अशी फार थोडी मुलं असतात, त्यांच्यावर मात्र जादूसारखं चालतं, १९९९ ला केंब्रिजच्या डॉक्टरांनी अशा मुलीची केस छापली होती. बाकी वजनदार माणसात लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदूच दाद देत नाही, वरून अजून ओतून काय होणार. आमच्याकडे 'लेप्टिन बूस्टर' लिहिलेले डबे विचारत येतात लोक, मी सरळ सांगतो पैसे वाचवा (मालक ऐकत नसताना 😄).
सध्या सगळे विचारतात ते सेमाग्लुटाइड, भूक कमी करणारं औषध. ते वेगळं, जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं त्याची नक्कल. त्या जातीचं पहिलं औषध गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतल्या पदार्थावरून निघालं, खोटं वाटेल पण खरंय. भूक खरंच कमी होते, पण मळमळ उलटी होते काहींना, आणि बंद केलं की बरंचसं वजन परत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मागू नका, कुणी देत असेल तर त्या दुकानात जाऊ नका.

रात्रपाळी_ताई:
मी नर्स आहे, रात्रपाळीचं दुखणं मला विचारा. झोप तपासा आधी. शिकागोत २००४ ला १२ तरुणांना दोन रात्री फक्त ४ तास झोपू दिलं तर लेप्टिन १८ टक्के खाली आणि घ्रेलिन २८ टक्के वर, आणि खावंसं काय वाटलं तर गोड न खारट. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसा झोपायचं म्हणजे पत्रा तापलेला, कूलरचं पाणी संपलेलं, वर लाईट गेली की संपलंच. खिडकीला जाड चादर लावा, चादरीला काय तोटा आपल्याला. डब्यात फरसाणाऐवजी मटकीची उसळ किंवा उकडलेली अंडी न्या, प्रोटीनने पोट जास्त वेळ धरून राहतं. आणि ८२ चा हट्ट सोडा, ८९ च्या वर जाऊ देऊ नका एवढं आधी जमवा.

टॉवेलवाला_४१:
मॅडम, ताई, तुमचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली बरं, उद्यापासून मटकी भिजवते, पण भिजवायचं लक्षात तू ठेवायचं. तो बूस्टरचा डबा मेव्हण्यानं आधीच आणून ठेवलाय, परत घेतात का हो मेडिकलवाले?

नवीपेठ_मेडिकल:
सील तोडलं नसेल आणि बिल असेल तर बघा विचारून. आमच्याकडचा नसावा म्हणजे झालं.

कडक_भाकरी:
आजोबा फरसाण खात नव्हते एवढंच म्हणतो मी.