मदत हवी आहे: डोंगरवाटेवरच्या गटासाठी हृदयविकाराचा प्रथमोपचार संच, काय ठेवू आणि काय काढू?

पायवाट

नमस्कार मंडळी,

दहा-बारा जणांच्या गटाची प्रथमोपचार पेटी नव्याने भरतोय. जखमा, मुरगळणं, जुलाब हा भाग जमलाय. अडलंय ते हृदयाच्या कप्प्यापाशी. बरेचजण पन्नाशीपुढचे, एकाला स्टेंट आहे, दोघांना मधुमेह. वाटेतल्या काही टप्प्यांवरून माणूस गाडीपर्यंत आणायला दोन-तीन तास सहज जातील.

सध्या पेटीत आहे ते असं: ७५ मिग्रॅ अ‍ॅस्पिरिनची पट्टी (वर 'एन्टेरिक कोटेड' लिहिलंय), जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेट ५ च्या गोळ्या, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, ऑक्सिजनचा छोटा डबा. शिवाय फॉरवर्डमध्ये फिरते ती तीन गोळ्यांची पुडी कुणीतरी आणून दिली आहे.

यातलं काय कामाचं? आणि एईडी (थांबलेल्या हृदयाला शॉक देणारं यंत्र) सोबत न्यावा का, की ते उगाच ओझं होईल?

कातळ

आधी ती पट्टी बदला. कोटेड गोळीवर कवच असतं ते ती पोटात न विरघळता आतड्यात विरघळावी म्हणून. आपल्याला इथे घाई आहे. साधी किंवा पाण्यात विरघळणारी घ्या. मात्रा एकदाच, ३०० मिग्रॅच्या आसपास: ७५ च्या चार किंवा ३२५ ची एक, नीट चावून मग गिळायची. हाताशी कोटेडच असेल तर तीही चावूनच द्या, कवच दाताखाली फुटतं.

अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलेल्याला, तिने दमा उसळणाऱ्याला, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झालेल्याला देऊ नका. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय असं दिसलं तरी नाही, कारण मेंदूत रक्तस्राव असू शकतो. रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू असेल तर फोनवर डॉक्टरांना विचारूनच द्या. ग्लानीत असलेल्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही.

गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नका. ओल लागली की अ‍ॅस्पिरिन फुटते आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो वास आला की फेकायची, मग तारीख शिल्लक का असेना.

सॉर्बिट्रेट सामायिक पेटीतून काढाच. ती नायट्रेट गटातली गोळी, रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब पाडते. वरचा दाब आधीच ९० च्या खाली असेल, किंवा झटका हृदयाच्या उजव्या भागाला बसला असेल, तर माणूस बसल्या जागी कोसळतो. पुरुषांच्या लैंगिक तक्रारींवरच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट चालत नाही. ही माहिती चारचौघांत कुणी देणार नाही, म्हणून निघण्याआधीच्या फॉर्ममध्ये खासगीत विचारा.

स्टेंटवाल्यांना डॉक्टरांनी ती लिहून दिली असेल तर ती त्यांच्याच खिशात हवी, मागे राहिलेल्या कुणाच्या सॅकमध्ये नको. दुखायला लागलं की खाली बसायचं, एक गोळी जिभेखाली. पाच मिनिटांत आराम नाही तर लगेच मदत बोलवायची. पुढच्या गोळ्यांचा हिशोब मदत निघाल्यावर.

पुडीत बहुधा अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) आणि नायट्रेट असतं. स्टॅटिनचा त्या तासाभरात उपयोग शून्य, नायट्रेटचा धोका वर लिहिलाच. पुडी परत करा. 'जोरजोरात खोका, झटका थांबेल' हा फॉरवर्डही तिच्याबरोबरच जाऊ दे.

निळावंती

कातळ यांना +१. उपकरणांबद्दल थोडं.

ऑक्सिजनचा डबा काढून टाका. त्यात पाच-दहा लिटर वायू असतो आणि मास्कने द्यायचा तर मिनिटाला दहा लिटर लागू शकतो, म्हणजे डबा एका मिनिटात संपला. ऑक्सिमीटर राहू दे, पण बोटं गार असली किंवा नखाला रंग असला की आकडा चुकतो. बोट चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, नाडी हातानेही मोजा. आणि ९८ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. हृदयविकाराच्या झटक्यात ऑक्सिजन अगदी नॉर्मल असू शकतो.

दंडाला बांधायचं छोटं दाबयंत्र नेलंत तर चांगलं. मधुमेहींसाठी ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजच्या गोळ्या हव्यातच, कारण घाम, थरथर, धडधड साखर उतरल्यावरही होते. उलट बाजूही ध्यानात ठेवा: मधुमेही, वयस्कर आणि बायकांमध्ये छातीत न दुखताही झटका येतो. दम लागणं, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ, गार घाम. 'अ‍ॅसिडिटी झाली असेल' म्हणत अर्धा तास चालवत नेलं जातं आणि तिथेच घोटाळा होतो. शंका आली की चालणं बंद. पाठ सॅकला टेकवून, गुडघे दुमडून बसवा, अंगावर फॉइल पांघरूण. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या अजिबात नकोत.

पेटीत प्रत्येकाचं एक कार्ड ठेवा: आजार, चालू औषधं मात्रेसह, अ‍ॅलर्जी, घरचा नंबर. सोबत पेन्सिल, कारण ओल्या हातात पेन दगा देतो. दुखणं कधी सुरू झालं आणि अ‍ॅस्पिरिन किती वाजता दिली हे त्यावर लिहून तो कागद रुग्णाबरोबरच खाली गेला पाहिजे.

दोरखंड

एईडी न्या. वजन साधारण एक ते दोन किलो, आलटून पालटून उचला. हृदय थांबल्यावर छातीवर दाब आणि शॉक न मिळाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि तुमच्याकडे मदत तासांनी येणार. म्हणून तो रांगेच्या मधल्या माणसाकडे हवा.

त्याच पिशवीत: कात्री, हजामतीचं ब्लेड, टॉवेल, नायट्राइल हातमोज्यांच्या चार जोड्या, एकेरी झडपेचा पॉकेट मास्क. छातीवर केस दाट असले की एईडीचे शॉक देणारे पॅड चिकटत नाहीत, म्हणून ब्लेड. छातीवर औषधाची चिकटपट्टी असेल तर ती काढून जागा पुसा. पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्यावर नको, बाजूला.

कोसळलेला माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. माशासारखे आचके म्हणजे श्वास नव्हे. यात फार जण फसतात. पाठीवरची सॅक काढा, नाहीतर दाब सॅकमध्येच जिरतो. उतारावरून ओढून सपाट, कठीण जागेवर घ्या. छातीच्या मध्यभागी ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. ३० दाब, २ श्वास. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि ते त्याला स्वतःला कळत नाही.

रेंज नसेल तर टेकडीवर एकट्याला धाडू नका. दोघे, हातात लिहिलेले अक्षांश-रेखांश. आवाजी कॉल लागत नाही तिथेही एसएमएस जाऊ शकतो.

पायवाट

फार उपयोगी. पुडी, डबा, सॉर्बिट्रेट बाहेर. दोन शंका राहिल्या: पावसात शॉक देता येतो का? आणि यंत्र सॅकमध्ये तापलं किंवा गारठलं तर?

दोरखंड

ओल्या जमिनीवर चालतं, साचलेल्या पाण्यात नाही. छाती मात्र कोरडी हवी, नाहीतर वीज वरच्या ओल्या थरावरूनच एका पॅडकडून दुसऱ्याकडे जाते आणि हृदयापर्यंत पुरेशी पोहोचत नाही. एकाने वर प्लास्टिक धरायचं, दुसऱ्याने पुसायचं. शॉकच्या वेळी कुणाचाही हात अंगाला नको, प्लास्टिक धरणाऱ्याचाही.

बहुतेक यंत्रं ० ते ५० अंश सेल्सिअसमध्ये काम करतात. नेमका आकडा पुस्तिकेत बघा. बंद गाडीच्या काचेखाली ठेवलं की पॅडवरचं जेल वाळतं. कडाक्याच्या थंडीत सॅकच्या आत, कपड्यांत गुंडाळून ठेवा. पॅडचं पाकीट आधी फोडायचं नाही. निघायच्या आदल्या दिवशी तयारीचा दिवा आणि पॅड-बॅटरीच्या तारखा पाहा. आणि सरावाचे पॅड याच पिशवीत ठेवू नका. दिसायला सारखेच असतात, पण त्यांतून शॉक जात नाही.