चाळिशीनंतर रूळ बदलावेत का?

चाकणचा_फिटर: १८ वर्षं टूलरूममध्ये काढली. घराचे हप्ते फिटले. आता आयटीआयत पोरांना शिकवावंसं वाटतंय. त्यासाठी आधी वर्षभराचा सीआयटीएस, म्हणजे आयटीआयच्या शिक्षकांसाठीचा, कोर्स करावा लागेल. बायको हो म्हणते, आईने अबोला धरलाय. काय करू?

विंगेतून: खुशाल सोडा! डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ मध्ये कान-नाक-घशाची सर्जरी सोडली आणि पूर्णवेळ नट झाले. तेव्हा तेही तुमच्याच वयाचे.

हिशेबी_ताई: आले लागू! अहो, नाटक पडलं असतं तर डिग्री कुठे पळून जाणार होती? आणि आधी पुण्यात कितीतरी वर्षं हौशी नाटकं केलेली, एका रात्रीत मारलेली उडी नव्हे ती. दादा, तुम्ही ईपीएसचं, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शनचं बघा. पगाराची कमाल मर्यादा १५,००० गुणिले १८ वर्षं भागिले ७०, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षापासून महिना ३,८५७ रुपये. तेही फार तर, कारण सप्टेंबर २०१४ आधीची वर्षं ६,५०० च्या मर्यादेने धरतात. आईच्या गोळ्यांतच संपतील.

विंगेतून: हिशेबच करत बसले असते तर लक्ष्मणराव किर्लोस्कर मास्तरच राहिले असते. रंग नीट ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली, मग शिक्षकी, मग बेळगावात सायकलींचं दुकान, मग नांगर. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा चाळिशीच होती.

हिशेबी_ताई: हो, आणि जागा औंधच्या राजांनी दिली. ह्यांना कोण देणार?

लालबागची_लेक: मोठ्या माणसांची नावं पुरे. माझे वडील गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि गिरणी सुटली ती सुटलीच. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, रूळ बदलायचे का म्हणून. दादरला फुलबाजारात बसले. तुटलेला धागा गाठायची सवय, त्यामुळे हार भराभर व्हायचे. पण ओळखीचं कोणी दिसलं की मान खाली. पुढे कित्येक वर्षं भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे. तुम्हाला विचार करायला वेळ आहे, दादा. आमच्याकडे तोच नव्हता.

विंगेतून: ताई, ह्यावर मी काय बोलणार.

चाकणचा_फिटर: आधी वर्षभर बिनपगारी रजा मिळते का विचारतो. नाही मिळाली तर राजीनामा. हिशेबी ताई, ग्रॅच्युइटी कशी काढतात?

हिशेबी_ताई: शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, गुणिले १८, भागिले २६. आकडा आईला दाखवा, मग बोलतील.