सोयाबीनचे शेंडे माना टाकतायत: खोडमाशी की चक्रीभुंगा?

प्रश्न
सोयाबीनचं जेएस 335 वाण, पेरून 28 दिवस. मधूनमधून झाडांचे शेंडे सुकतायत, पानं मात्र कुठे खाल्लेली नाहीत. दुकानदार अळीचं औषध मारा म्हणतो. कीड नेमकी शोधायची कुठे?

शिवारफेरी
पानावर नाही, खोडात. सुकलेलं झाड उपटा आणि ब्लेडनं खोड उभं चिरा. गाभ्यात लालसर नागमोडी भुयार दिसलं तर खोडमाशी. माशी अंडी पानात घालते. बिनपायाची पिवळसर अळी शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते. कोषही आतच. म्हणून वरून झाड धडधाकट वाटतं.

चक्रीभुंग्याची खूण बाहेरूनच दिसते. देठावर, फांदीवर किंवा खोडावर दोन समांतर खापा (गोल फिरलेल्या चिरा) असतात. मादी खालच्या खापेजवळ छिद्र पाडून अंडं घालते. अन्नरस तुटला की खापेच्या वरचा भाग वाळतो आणि अळी आतून खाली पोखरत जाते. पुढे पीक भरात आल्यावर तीच अळी जमिनीपासून 15 ते 25 सेंमीवर खोड आतून कापते. मग शेंगांसकट झाड आडवं!

खरीपवाला
वरच्या उत्तरात भर. दुकानात जाण्याआधी शेतात चार-पाच ठिकाणी मोजा. 10 ते 15 टक्के झाडांत भुयार, किंवा मीटरभर ओळीत 3 ते 5 झाडांना खापा असतील तरच फवारा. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 एससी हे कीटकनाशक, 10 लिटर पाण्याला 3 मिली, एकरी 200 लिटर पाणी. पॉवर स्प्रेनं पाणी कमी लागतं, पण एकरी 60 मिली औषधाचा हिशोब मोडू नका. बरेच जण इथेच चुकतात. खापा पडलेले देठ-फांद्या खालच्या खापेच्या खालून तोडून शेताबाहेर नष्ट करा. खापेवर तोडलं तर अळी खोडातच राहते.

काळीमाती
28 दिवसांत खोडमाशीच असण्याची शक्यता जास्त, तरी चिरून बघाच. आणि आता पानांवरही नजर ठेवा दादा. तंबाखूवरील अळीचे अंडीपुंज पानामागे असतात, लहान अळ्या घोळक्यानं हिरवा भाग खरवडतात, पान जाळीदार होतं. असं पान दिसलं की तोडून टाका, फवाऱ्याचा खर्च वाचतो. पानं थोडी खाल्ली तर झाड भरून काढतं. पण उंटअळी कळ्या-फुलांवर आली की पीक हिरवंगार दिसतं आणि शेंगा धरतच नाहीत. फुलोऱ्याच्या तोंडावर पानं उलटून बघण्यात कंटाळा नको.

शिवारफेरी
पुढच्या हंगामात थायामेथोक्झाम 30 एफएस हे कीटकनाशक किलोभर बियाण्याला 10 मिली चोळूनच पेरा. आधी बुरशीनाशक, मग हे, रायझोबियम (जिवाणू खत) सगळ्यात शेवटी.