डी विंगच्या पार्किंगमधला पक्षी

शिंदे (ए-२०३): सकाळपासून सहा जण मोबाईल घेऊन त्या पक्ष्याभोवती उभे. बिचारा जनरेटरमागे अंग चोरून बसलाय. कमिटी झोपलीय का?

लेले काका (बी-५०१): मास्क्ड बूबी आहे. पांढरं अंग, पंखांची मागची कड काळी, चोचीच्या बुडाशी काळा मुखवटा. भर समुद्रातला पक्षी, पावसाळी वाऱ्याने किनाऱ्यावर फेकला जातो. दहा फूट लांब राहा.

सावंत (सी-१०४): समुद्र दोन मिनिटांवर आहे. नेऊन सोडा, विषय संपला.

मृणाल (ए-७०२): नको! उपाशी पक्ष्याची पिसं नीट नसली तर पाणी आत शिरतं, अंग गारठतं. लाटा परत वाळूवर आणून टाकतात, तिथे कुत्री.

गुरव (डी-३०१): कुत्र्यांना रोज चिकन-भात कोण घालतं ते सगळ्यांना माहीत आहे.

पाटील वहिनी (डी-१०२): टोमणे कळतात हो गुरव. पक्ष्याला ब्रेड ठेवला, खात नाहीये. दूध देऊ?

लेले काका: वहिनी, काही देऊ नका. चोचीत पाणीसुद्धा ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. गारठलेल्याला मासाही पचत नाही. आधी ऊब, मग नळीने द्रव, मासे शेवटी. ते डॉक्टर बघतील.

सावंत: समुद्रपक्षी आहे ना? मग समुद्रात सोडा. दोन मिनिटं.

गुरव: सावंतांची गाडीपण व्हिजिटर पार्किंगमध्ये दोनच मिनिटं असते 😂

सावंत: विषयाला धरून बोला.

लेले काका: फ्रिगेटबर्डही समुद्रावरच जगतो, पण पाण्यात पडला तर भिजतो आणि उठू शकत नाही. सावंत, कृपया.

गुरव: चोचीला रबरबँड लावून खोक्यात घालू का?

मृणाल: रबरबँड अजिबात नाही!! बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात, तोंडाने श्वास घेतो. बांधली की गुदमरला. मागून जाड टॉवेल टाका, पंख मिटवून अंगाशी धरा, दुसरा हात जबड्यामागे. छाती आवळू नका. आपला चेहरा लांब, गॉगल घालूनच, तो थेट डोळ्यावर चोच मारतो आणि चोचीच्या कडा करवतीसारख्या असतात. मास्क, हातमोजेही हवेत. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये याचेच भाऊबंद गॅनेट बर्ड फ्लूने हजारोंनी मेले.

शिंदे: एवढं कळतं तर गेटवर लेन्सवाले तिघे कोणी बोलावले?

मृणाल: मी नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंदही पक्षी इथून हलल्यावरच टाकणार.

शिंदे: बरं.

नाईक, सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती, ग्रुपची मर्यादा राखावी. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवले आहे, त्यांची माणसं निघाली आहेत. खोकं कोणाकडे आहे?

जोशी (बी-२०४): मायक्रोवेव्हचं चालेल?

मृणाल: छोटं पडेल, शेपटी मोडेल. अंगच अडीच फुटांचं आहे. पिंजराही नको, जाळीत पिसं तुटतात. पुठ्ठ्याला बाजूंनी भोकं पाडा, तळाला जाड घडीचा टॉवेल. नुसत्या पेपरवर पाय घसरतात, कडक तळावर छातीच्या हाडाला जखम होते. झाकण लावून अंधारात ठेवा. दर पाच मिनिटांनी उघडून बघायचं नाही.

सावंत: एवढ्यात समुद्रावर जाऊन आलो असतो.

जोशी: टीव्हीचं खोकं देतो. पण परत हवं, वॉरंटी आहे.

लेले काका: परत विसरा जोशी. विष्ठा लागलेला ओला पुठ्ठा म्हणजे बुरशी, आणि बुरशीने या पक्ष्यांची फुफ्फुसं जातात. एकदा वापरून फेकायचं.

जोशी: मग गुरवांचं घ्या, त्यांनी फ्रिज घेतलाय.