मदत हवी आहे: मुक्त प्रकल्पात दोन गटांमध्ये शेवटचा शब्द कुणाचा?

नमस्कार मंडळी,

इंदूरचे आम्ही अकरा जण मोडी कागद बाळबोधीत आणणारं मुक्त सॉफ्टवेअर करतोय. कोड लिहिणारे पाच, सगळे नोकरी सांभाळून. मोडी वाचणारे सहा, बहुतेक इथल्याच रामबाग वस्तीतले निवृत्त लोक.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ सहसा पाळत नाहीत. शोधताना सापडावं म्हणून वाचकांनी हिशेबाच्या कागदांत ‘कीर्द’ (रोजच्या जमाखर्चाची वही) असं शुद्ध लिहिलं. आमच्यातल्या कोड लिहिणाऱ्या एकाला अक्षर मुळाबरहुकूम हवं होतं. त्याने रात्री स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालवून सगळीकडे ‘किर्द’ करून टाकलं. भिंग लावून तीन महिने ती पानं तपासणारे काका दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, “मग आम्हाला बसवलंत कशाला?” मला उत्तर देता आलं नाही. हे ठरवायचं कुणी, तेच आम्ही कधी ठरवलं नव्हतं.

लिनक्स कर्नल या मोठ्या मुक्त प्रकल्पात कुठला भाग कुणाकडे, याची मेंटेनर्स नावाची फाइलच असते. डेबियन या दुसऱ्या मुक्त प्रकल्पाच्या १९९८ च्या घटनेत कामाच्या हद्दी एकमेकींत शिरल्या तर तांत्रिक समिती निकाल देते. पण अकरा माणसांत समिती कसली नेमायची? कुठला बदल कुणी मंजूर करायचा हे सांगणाऱ्या कोडओनर्स फाइलमध्ये वाचकांची नावं घातली तरी ते गिट (बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरत नाहीत, मग मंजुरी देणार कोण? काका परत यायला हवेत हो. कुणी असं काम वाटून घेतलं असेल तर सांगा.

उत्तर: एकाच रकान्यात दोन्ही कोंबताय, भांडण तिथे आहे. एक रकाना मुळाबरहुकूम, दुसरा शुद्ध, शोध दोन्हींत चालवा. दोन्ही रकान्यांतला मजकूर वाचकांचा, तो साठवायचा नि शोधायचा कसा ते तुम्हा कोड लिहिणाऱ्यांचं. मंजुरीसाठी तुमच्यातल्या एकाने दर आठवड्याला रामबागेत बसायचं आणि त्यांच्या खुणा जशाच्या तशा चढवायच्या, स्वतःचं मत न घालता. सरसकट बदल असेल तर आधी कळवा. अपाचे या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या प्रकल्पांत साधारण ७२ तास थांबतात आणि हरकत आली नाही तर बदल मान्य धरतात. तुम्ही आठवडा थांबा, आणि बदल कागदावर छापून न्या, मोठ्या अक्षरात.

धागाकर्ता: दोन रकान्यांचं सुचलंच नव्हतं. त्या रात्रीचा बदल आत्ताच मागे घेतला. शनिवारी छापील पानं घेऊन काकांकडे जातोय, स्क्रिप्ट चालवणारा मित्रही येतो म्हणालाय.