पोटाचा प्लास्टर साचा: झोपून की बसून?
गरोदरपणाची आठवण म्हणून पोटाचा प्लास्टरचा साचा घेतात; तो झोपून घ्यावा का, असा प्रश्न आहे. नको, टेकून बसा. शेवटच्या महिन्यांत उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि गरगरू शकतं. मी ३५व्या आठवड्यात केला होता. हाड मोडल्यावर लावतात त्याच प्लास्टरच्या पट्ट्या कोमट पाण्यात बुडवून तीन थर दिले. व्हॅसलिन मात्र सढळ हाताने फासा, बेंबीत आणि बारीक लवीवर विशेष, नाहीतर काढताना जीव जातो! घट्ट होताना प्लास्टर गरम होतं, म्हणून पावडर कालवून जाड थापू नका, भाजू शकतं. मधेच बाळाने लाथ मारली, ओली पट्टी हलकेच उचलली गेली. तो उंचवटा मी घासला नाही, तसाच ठेवलाय.