विरोधी पक्षनेता मिळायला २९ आमदार लागतातच का?

गावाकडचा: २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेत उबाठा (उद्धव ठाकरेंची शिवसेना) २०, काँग्रेस १६, शरद पवार साहेबांचे १०, म्हणजे मविआचे (महाविकास आघाडीचे) ४६ होतात की, मग २८८ च्या १०% म्हणजे २९ नाहीत असं का म्हणतात सगळे?

चष्मिष्ट: अरे आघाडीची बेरीज धरत नाहीत, एकाच पक्षाचे लागतात. आणि खरं सांगू का, १०% हा निव्वळ पायंडा आहे, मान्यता द्यायची की नाही ते विधानसभा अध्यक्षांच्या हातात असतं. दिल्लीत २०१५ ला ७० पैकी भाजपचे फक्त ३ आले होते तरी त्यांना दिलंच ना पद.

निवांत: पण मला तर अजून तेच कळत नाही, मे-जूनमध्ये लोकसभेला ४८ पैकी ३० मविआचे आणि नोव्हेंबरात विधानसभेला एकटा भाजप १३२?? पाच महिन्यात एवढं कसं फिरलं

चष्मिष्ट: लाडकी बहीण योजना, बायकांना महिन्याला १५०० रुपये थेट खात्यात. शिवाय मविआचं जागावाटप शेवटपर्यंत चाललं होतं (ते वेगळंच रामायण).

गावाकडचा: सगळीकडे लाट नव्हती हां, साकोलीत काँग्रेसचे नाना पटोले २०८ मतांनी वाचले, मालेगाव मध्यला तर १६२ चाच फरक